तीन मोजे

तीन बाटल्या, तिन्हींवर माझ्या मुलीचे शाळेचे मोजे,
पांढरे, लाल पट्टीचे,
लेबल दिसू नये म्हणून.
लेबल तरी कसलं, चिकटपट्टीवर
हिलालच्या हातचं बॉलपेनचं एक, दोन, तीन.
एप्रिल. पिंपळनेरच्या अलीकडे डेअरीची मागची खोली.
बाटल्या सकाळपासून दुधाच्या कूलरमध्ये,
काचेला सायीचा पुसट वास.
ग्लास धुळ्याहून भाड्याने आणलेले, सहा,
एकाचा काठ उडालेला. तो मी घेतला.

द्राक्ष एकच, शेनिन. मळे तीन.
नाशिकहून आलेल्या पुस्तिकेत रकाने होते:
रंग, गंध, आंबटपणा, शेवट.
नमुन्यादाखल छापलं होतं, लिची, पीच, ओली चुनखडी.
लिची आम्ही एकदा लग्नात खाल्ली होती, डब्यातली,
तिचा पाक तेवढा आठवतो.
कोकिळाताई म्हणाल्या, आपापलं लिहा.

पहिली फिकी, गवताच्या काडीसारखी.
जिभेच्या कडेला आधी काहीच नाही,
मग मेहरूणचं बोर, पिकायला दोन दिवस कमी,
आणि मागून कोथिंबिरीचे देठ.
हिलाल म्हणाला, पेरू. कच्चा, मीठ न लावलेला.
पेरू की बोर यावर आम्ही चांगले भांडलो
आणि दोघांनीही साडेसहा गुण दिले.

दुसरी अंगाने भरलेली.
मध, पण जुना, बरणीच्या तळाशी दाणे धरलेला,
आणि केळीच्या सालीचा काळा पडू लागलेला कोपरा.
हिला ऊन जास्त झालंय, कोकिळाताई म्हणाल्या,
पण ग्लास काही खाली ठेवला नाही.

तिसरीबद्दल मी खोडून खोडून लिहिलं.
तापल्या दगडावर पाणी, असं लिहिलं आणि खोडलं,
ते पुस्तिकेतलंच होतं, फक्त कपडे बदललेलं.
चिंचेचा कोवळा पाला. हे राहू दिलं.
शेवटी जरा कडू,
कळण्याच्या भाकरीचा करपलेला पापुद्रा
कडू असतो तेवढीच,
म्हणजे आणखी एक घास घ्यावा इतकी.

दारात लोटन उभा होता.
गाडी त्याची, क्रेट त्यानेच उतरवलेले,
गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे पिण्याचा प्रश्न नाही.
वास तरी घे, हिलाल गमतीने म्हणाला.
त्याने ग्लास धरला
दुसऱ्याचं ओलं मूल धरावं तसा, अंगापासून लांब.
नाक आत घातलं नाही. नाकाखालून एकदाच नेला.

"हाई निंबाना मळा. खालनी विहीर, खारं पानी."
दुसरी.
"हाई तुमनी. तोडाले आठ दिन उशीर व्हयना. मी सांगेल व्हतं."
तिसरीला थांबला. परत एकदा नेला.
"हाई टेकडीवरनी. गवत पेटनं व्हतं ना."

मोजे काढले. तिन्ही बरोबर.

फेब्रुवारीतली ती रात्र. घड लगडलेले,
वर टेकडीवर गवताची लाल रेघ खाली सरकतेय
आणि आम्ही ओली पोती आपटतोय, मीसुद्धा.
आठवडाभर माझ्या थुंकीला धूर होता.
आणि मी इथे खुर्चीत बसून
भाकरी लिहीत होतो.

कोकिळाताईंनी ती बाटली पुन्हा ओतली,
या वेळी सगळ्यांना थोडी जास्त.
कुणी काही बोललं नाही. बाहेर डेअरीत
संध्याकाळचे कॅन वाजायला लागले.
लोटन, तू किती गुण देशील?
"गुण कसाना?" तो म्हणाला,
"एखांदी बाटली मोकळी व्हई का?
शेंगदाणानं तेल ठेवाले. झाकन चांगलं शे."

शेवट नावाचा रकाना माझा कोराच राहिला.

घरी आलो तर खिशात दोनच मोजे, दमट.
लोटनला फोन लावला.
बाटली मोज्यासकटच गेलेली,
पिशवीत आपटायला नको म्हणून.
उद्या देस, म्हणाला.
मुलगी जोड्या लावत बसली होती,
एक मोजा हातात,
नाकाशी धरून.